म्हसोबाला बोललेली बाटली

बारामतीच्या बाजारात मला ‘दारूच्या बाई’ म्हणत. नोकरी दारूबंदीच्या खात्यात, खांद्याला खादीची पिशवी, तोंडात अष्टौप्रहर दारूविरुद्ध भाषण, आणि नाव पडलं ते हे! भाजीवाली शेजारणीला सांगायची, “अगं, त्या दारूच्या बाई आल्या, त्यांना ताजी मेथी दे.” पहिल्या वर्षी मी प्रत्येकाला थांबवून दुरुस्त करत असे. दुसऱ्या वर्षी सोडून दिलं. तिसऱ्या वर्षी कुणी ‘बाई आल्या’ एवढंच म्हटलं, तर मीच विचारायची, “कोणत्या बाई? दारूच्या ना?”

सरकारनं मुंबई राज्यात दारूबंदी केली, त्या पन्नासच्या दशकातल्या गोष्टी आहेत या. दारू बंद झाली म्हणजे दुकानं बंद झाली. इकडं नीरेच्या कालव्याकाठी ऊस उभा, गुऱ्हाळं चालू, गूळ मुबलक. भट्ट्या गुपचूप उसात शिरल्या. आता भट्टी लावणारा स्वतः माल घेऊन बाजारात कशाला जाईल? पोरं होती की! चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं, पोटाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, ट्यूबमध्ये दारू, वर ढगळ सदरा. पोलिसांनी धरलं तर पोरगं धरलं जाई आणि मालक उसात बसून विडी ओढी. अशी पोरं पोरांच्या कोर्टात यायची. मॅजिस्ट्रेट साहेब त्यांना एकदम पुण्याच्या सुधारशाळेत न धाडता काही अटींवर आईबापांच्या ताब्यात देत. त्या अटींपैकी एक अट म्हणजे मी.

दर पंधरा दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, पोरानं आईबापांसकट माझ्या शिकवणीला यायचं. बारामतीला धर्मशाळेच्या ओवरीत एक वर्ग, इंदापूरला कचेरीमागच्या पडवीत दुसरा. एस.टी.च्या धक्क्यांनी माझी हाडं खिळखिळी झाली ती ह्याच दोन गावांच्या मध्ये. डॉक्टरांना धरून आणायचं, हेडमास्तरांची मनधरणी करून पोरांना पुन्हा शाळेत बसवायचं, फौजदारांना हात जोडायचे की बाबांनो, वर्गाच्या वेळी आसपास खाकी कपड्यात फिरू नका, माणसं पळून जातात. हे सगळं जुळवून आणणं म्हणजे माझं काम. कागदोपत्री मी ‘संघटिका’ होते. हा शब्द बाजारात एकालाही उच्चारता आला नाही, म्हणून तर दारूच्या बाई!

पहिल्या शिकवणीची आठवण झाली की अजून माझे कान गरम होतात. खात्यानं पुण्याहून एक तक्ता पाठवला होता. त्यावर माणसाचं पोट उघडून दाखवलेलं, एक काळीज तांबडं, दुसरं काळं. मी हातात छडी घेऊन तासभर बोलले. हातभट्टीची दारू कशी विषारी, तिच्यात काय काय घालतात, सगळं ठासून सांगितलं. मागं एका पोराचा आजा बसला होता. त्यानं हात वर केला. “बाई, मधी बोलू का? तुमी सांगताय तसं न्हाय करत. तसं केलं तर माल नासतो.” आणि म्हातारबुवांनी उभं राहून अख्ख्या वर्गाला बरोबर कृती सांगितली! बाया माना डोलावतायत, पोरं मन लावून ऐकतायत. माझ्या भाषणाला एकानंही एवढे कान दिले नव्हते.

मी घरी आले आणि तो तक्ता गुंडाळून माळ्यावर फेकला. दोन दिवस धुसफुसत होते. तिसऱ्या दिवशी चहा पिताना डोक्यात प्रकाश पडला. अरे, ह्या माणसांना दारूची माहिती मी काय डोंबल देणार? ती त्यांच्याकडं माझ्यापेक्षा जास्त आहे. त्यांना येत नाही ते एवढंच, की भट्टीवाला दारात येऊन उभा राहिला तर त्याला काय बोलून परत लावायचं. तो गावातला वजनदार माणूस, ही गरीब. तोंडून ‘नाही’ निघतच नाही. मग ‘नाही’ म्हणायचीच तालीम का घेऊ नये?

म्हणून मी नाटक सुरू केलं. वर्गात एकानं भट्टीवाला व्हायचं, एकानं बाप, एकीनं आई. भट्टीवाल्यानं गोड बोलायचं, मग दम द्यायचा, पोराला आमिष दाखवायचं. बाकीच्यांनी त्याला दारातून परत घालवायचं. हे माझ्या स्वतःच्या डोक्यातून निघालेलं, कुठल्या सरकारी पुस्तकातलं नव्हे, हे मी आजही छाती पुढं काढून सांगते. त्यानं सगळी पोरं वाचली असं मुळीच नाही. बारामतीच्या वर्गातला एक गोरटेला, हसरा पोरगा नाटकात ‘नाही’ इतकं सुरेख म्हणायचा की मी त्याला सगळ्यांपुढं उभा करायची, आणि तोच तीन महिन्यांत स्वतः पिऊ लागला. ते मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्याचं नाव इथं लिहीत नाही, पण ते मी विसरलेले नाही.

इंदापूरच्या वर्गात मात्र सारजाबाई आल्या आणि नाटकाला रंग चढला! सारजाबाई म्हणजे कालव्यावरच्या पाटकऱ्याची बायको. पाटाचं पाणी पाळीपाळीनं शेतकऱ्यांना सोडणारा जो सरकारी नोकर, तो पाटकरी. त्यांचे यजमान नामदेवराव इतके गरीब स्वभावाचे की पाटाचं दार उघडतानासुद्धा पाण्याची परवानगी मागतात, असं लोक म्हणत. त्यांचा एकुलता एक मुलगा भगवान, घरातला भगा, वय पंधरा.

भगाला दारूची चव ठाऊक नव्हती. त्याला वेड होतं सायकलचं. भट्टीवाल्यानं ते बरोबर हेरलं. “ही सायकल तुझीच समज,” म्हणाला, “फकस्त सकाळच्याला इंदापूरपतोर एक फेरी मारायची.” झालं! पोटाला दोन ट्यूबा बांधून हे पोरगं कालव्याच्या भरावावरून असं सुटायचं की पोलिसांना नुसती धूळ दिसायची. एकदा बाभळीचा काटा घुसला, चाक बसलं आणि मागून चालत येणाऱ्या जमादारानं त्याला आरामात गाठलं. जमादारानं सदरा वर केला आणि विचारलं, “आरं, पोटाला दोन-दोन ट्यूबा आन् चाकात एक धड न्हाय?” पुढं हा किस्सा तो जमादार स्वतःच सगळ्या तालुक्यात सांगत सुटला.

कोर्टात साहेबांनी भगाला सोडलं, एक वर्षाच्या देखरेखीवर. पण अट कडक होती. ह्या वर्षात त्याच्या हातात किंवा घरात दारूचा थेंब जरी सापडला, तर सरळ सुधारशाळा, अठरा वर्षं पुरी होईपर्यंत. म्हणजे तीन वर्षं पोरगं आईला दिसणार नाही. सारजाबाईंनी तिथं कोर्टातच पदराचा बोळा तोंडात धरला होता.

त्या दिवसापासून ही बाई पहिल्या रांगेत. तीन कोस चालत यायच्या, एक दिवस चुकल्या नाहीत. मी विचारलं, “आज भट्टीवाला कोण होणार?” की ह्या पदर खोचून उभ्या! नसलेल्या मिशीवरून हात फिरवत म्हणायच्या, “काय पाटकरी, पोरगं घरात बसून अंडी घालतंय व्हय? द्या की माझ्यासंगं. सांच्याला आणून सोडतो.” समोर बापाच्या कामाला खराखुरा बाप, नामदेवराव. ते बायकोच्या त्या आवाजालाच घाबरून म्हणायचे, “न्या की मालक.” वर्ग हसून लोळायचा.

“नामदेवराव, नाही म्हणायचंय!” मी ओरडायची.

“व्हय बाई, ध्यानात हाय.” आणि पुन्हा, “न्या की मालक.”

आठ वर्ग गेले असे. नवव्या वर्गाला मी नाद सोडला होता, तर हा भला माणूस दारातूनच पळत आला. धाप लागलेली, टोपी हातात. “बाई! म्हनलो! न्हाय म्हनलो!” खरा भट्टीवाला आदल्या दिवशी खरंच त्यांच्या दारात आला होता, आणि नामदेवरावांनी त्याला दोनदा ‘न्हाय’ म्हणून परत घालवला होता! मी जागेवर उडी मारली हो. आजूबाजूची सगळी माणसं उठून नामदेवरावांच्या पाठीवर थापा मारायला लागली. मी शिपायाला पिटाळून जिलबी मागवली. उभ्या नोकरीत मला एवढा आनंद फार कमी वेळा झाला.

त्या जिलबीच्या गडबडीत सारजाबाई माझ्याजवळ आल्या. “बाई, म्या म्हसोबाला नवस बोलले व्हते. पोरगं कोर्टातनं सुटलं तर फेडीन म्हनून. आता फेडायला पायजे.”

“छान! फेडून टाका,” मी म्हटलं. माझ्या तोंडात जिलबी होती आणि डोक्यात पुण्याला पाठवायचा झकास अहवाल. नवस कसला, एवढे दोन शब्द मी विचारले नाहीत.

पुढच्याच अमावास्येला मी इंदापूरला उतरते न उतरते तोच फौजदारांचा निरोप आला. तुमचं ते सायकलवालं पोरगं बाटलीसकट सापडलं. मी तशीच चावडीवर गेले. भगा भिंतीला टेकून उकिडवा बसलेला, समोर टेबलावर पावशेराची बाटली.

“कुणाची ही?” मी विचारलं. पोरानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

“भट्टीवाल्याचा माल पोचवत होतास?” त्यानं नकारार्थी मान हलवली.

“मग कुठं नेत होतास?”

“आईला इचारा,” एवढंच तो म्हणाला.

माझं डोकं असं फिरलं! आईच्या पदराआड लपतो म्हणजे काय! मी रागीट आहे, हे ह्या लेखात लपवण्यात अर्थ नाही. तिथंच फौजदारांच्या टेबलावर बसून, त्यांच्याच टाकानं, मी अहवाल लिहिला. ‘सदर मुलाने व त्याच्या पालकांनी विश्वासघात केला असून दिलेली सवलत काढून घ्यावी.’ वाक्य अजून पाठ आहे. लिहिलं, सही ठोकली आणि शिपायाच्या हाती कोर्टात धाडून दिलं. मग त्या बाईला तोंडावर चार शब्द सुनवावेत म्हणून वाट तुडवत त्यांच्या वस्तीवर गेले.

सारजाबाई दारातच उभ्या होत्या. अंगणात खुंटीला एक कोंबडा बांधलेला. मला बघून त्या धावत आल्या. “बरं झालं बाई, तुमी आलात! त्या फौजदाराला जरा सांगा. ती बाटली आमची न्हाय.”

“मग कुणाची?”

“म्हसोबाची.”

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. भगाला पहिल्यांदा धरलं, तेव्हा त्यांनी कालव्याकडेच्या म्हसोबाला हात जोडले होते. देवा, माझं पोरगं सोडव, तुला कोंबडा देईन आणि पोराच्याच हातानं तुझ्यावर पावशेराची धार धरीन. तिकडं म्हसोबाला दारूची धार धरायची चाल जुनीच. दारूच्या खटल्यातून सुटायला देवाला दारू! मी मटकन अंगणातल्या दगडावर बसले.

“अहो सारजाबाई, पाच महिने शिकवणीला येताय ना?”

“येतोय की. आमी कुठं प्यालो? कुठं इकली? तुमी मानसांचं समदं सांगितलं. देवाचं तुमी कदी काय बोलला न्हाय. आन् तुमाला इचारलं व्हतं म्या. तुमीच म्हनला, फेडून टाका.”

खरं होतं. एका अक्षरानं खोटं नव्हतं. बाटली कुणाकडून आणली, असं विचारलं तर म्हणाल्या, त्याच भट्टीवाल्याकडनं. देवाचं काम आहे म्हणून त्यानं फुकट दिली. आता फौजदारांना त्या वाटेवर बरोबर त्याच सकाळी खबर कुणी दिली असेल, हे मी वेगळं सांगायला नको.

“पर आता नवस तसाच ऱ्हायला,” सारजाबाई काळजीनं म्हणाल्या. “बाटली तर फौजदारानं नेली. दुसरी बघायला पायजे.”

मी अशी किंचाळले की तो कोंबडाही फडफडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅजिस्ट्रेट साहेबांपुढं उभी. साहेब शांत माणूस, आवाज कधी चढायचा नाही, आणि तेच जास्त टोचायचं. माझा अहवाल त्यांच्यासमोर होता. “अक्षर छान आहे तुमचं,” ते म्हणाले.

“साहेब, तो अहवाल चुकीचा आहे.”

“बाटलीत दारू नव्हती?”

“होती.”

“मुलाच्या हातात नव्हती?”

“होती, साहेब. पण मी आईला विचारायच्या आधी लिहिलं.” आणि मग मी सगळं सांगितलं, जिलबीसकट. साहेबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, “बाई, तुमचा पश्चात्ताप मला समजला. पण तो नवस अजून फिटलेला नाही. ती बाई उद्या त्याच पोराच्या हाती दुसरी बाटली देणार नाही, याची हमी देता तुम्ही?”

मला हमी देता येईना. साहेबांनी आठ दिवसांची तारीख दिली. तोवर भगा बापाच्या ताब्यात, रोज सकाळी चावडीवर हजेरी. आठ दिवसांत नवसाचा निकाल लागला तर ठीक, नाहीतर पोरगं पुण्याला जाणार.

आता देवाकडून नवस कसा सोडवून घ्यायचा, हे काही मला खात्यानं शिकवलं नव्हतं! मी सारजाबाईंना घेऊन म्हसोबाच्या गुरवाकडं गेले. पिकलेला माणूस, सगळे त्याला आबा म्हणत. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “दारूच्या बदली उसाचा रस चालंल का, त्यालाच इचारू. कौल लावू. त्यो व्हय म्हनला तर संपलं.”

कौल म्हणजे देवाच्या मूर्तीवर उजवीकडं एक फूल आणि डावीकडं एक फूल ओलं करून चिकटवायचं. उजवं आधी पडलं तर देव हो म्हणाला, डावं पडलं तर नाही म्हणाला. गावात लग्नं, खटले, विहिरीच्या जागा, सगळं ह्यावर ठरायचं. मी घरी ह्या असल्या गोष्टींची टर उडवत असे. आणि खरं सांगते, त्या दिवशी मला इतका हुरूप आला की मी परतीच्या वाटेवर एस.टी.त एकटीच हसत होते. केवढी सोपी युक्ती! देवाची परवानगी, सारजाबाईंचं समाधान, भगाची सुटका, सगळं एका फुलात!

रविवारी सकाळी मी म्हसोबापाशी पोचले तर सगळी वस्ती जमलेली. बाभळीखाली शेंदूर माखलेला धोंडा, बाजूला पाट वाहतोय, भगाच्या हातात रसाचा तांब्या, नामदेवराव कोंबडा धरून उभे. मी हळूच आबांच्या कानाशी गेले. “आबा, ते उजवं फूल जरा सैल लावता येईल का?”

आबांनी माझ्याकडं असं बघितलं! “बाई, तुमी शिकल्यासवरल्या. देवाच्या कामात लबाडी?” मी मुकाट्यानं मागं सरकले.

आबांनी फुलं ओली केली, चिकटवली, गाऱ्हाणं घातलं. मी म्हणजे डोळ्यांत तेल घालून त्या उजव्या फुलाकडं बघतेय. पड रे बाबा, पड! देवावर विश्वास नसलेली मी, मनातल्या मनात त्याला हात जोडत होते. उजवं फूल हललं. खाली सरकलं. आणि तेवढ्यात डावं फूल टपकन खाली पडलं.

“न्हाय म्हनतो,” आबा म्हणाले.

“पुन्यांदा लावा,” सारजाबाई म्हणाल्या. आबांनी पुन्हा लावली. ह्या खेपेला मी डोळे मिटून घेतले. लोकांचा ‘हाऽ’ असा आवाज आला, तेव्हाच समजले. पुन्हा डावंच.

संपलं. आता ही बाई दुसरी बाटली आणल्याशिवाय राहणार नाही, आणि पोरगं जाणार. मी काहीतरी बोलणार तोच सारजाबाई पुढं झाल्या. त्यांनी पदर खोचला आणि त्या धोंड्यासमोर उभ्या राहिल्या.

“व्हय रं देवा? म्या तीन कोस चालत शिकवनीला जाते. हा माझा मालक, जल्मात कुनाला न्हाय म्हनला न्हवता, त्यो न्हाय म्हनायला शिकला. पोरगं सायकल बघून डोळ्यांत पानी आनतं, पर तिला हात लावत न्हाय. आमी समदी शिकलो, आन् तुलाच तेवढी पायजे? तू का न्हाय आलास शिकवनीला?”

“सारजे, अगं तोंड आवर!” आबांनी कानांवर हात ठेवले. एक-दोन बाया चक्क मागं सरकल्या.

“न्हाय आवरत! पोरगं तीन वर्सं गेलं तर तुला धार कोन धरनार? तुझा बा?” त्या भगाकडं वळल्या. “वत रं.”

भगा आबांकडं बघे, माझ्याकडं बघे.

“आरं वत म्हनते ना! कोपला तर माझ्यावर कोपंल. त्याला माझं घर ठावं हाय.”

आणि पोरानं ओतला. रस शेंदरावरून ओघळला, खाली मातीत मुरला. कोंबडा मात्र ठरल्याप्रमाणं दिला गेला, त्याबद्दल देवाची काही हरकत असायचं कारण नव्हतं. मी बाभळीच्या पलीकडं जाऊन ढसाढसा रडले. पाच महिने मी समजत होते की मी ह्या बाईला शिकवतेय! आणि नाटकात नेहमी भट्टीवाला होणारी ही बाई, तिनं ‘नाही’ म्हणायची तालीम एकदाही केलेली नव्हती. ती करायची वेळ आली तर देवासमोरच आली, आणि तिनं म्हटलं.

तारखेला कोर्टात मी दुसरा अहवाल दिला. पहिला अहवाल मी रागात, चौकशी न करता लिहिला, चूक माझी आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं. माझ्या नोकरीच्या पुस्तकात त्याची नोंद झाली, ती शेवटपर्यंत राहिली. मला तिची कधी लाज वाटली नाही.

साहेबांनी तो वाचला आणि सारजाबाईंना समोर बोलावलं. “देवानं दोनदा नाही सांगितलं, तरी रस घातलात?”

“व्हय साहेब.”

“भीती नाही वाटली?”

“वाटली की! अंगाचं पानी पानी झालं.”

“आणि उद्या देवानं पुन्हा बाटली मागितली तर?”

“तर म्हनीन, साहेबांकडं माग.”

कोर्टात हशा पिकला. जमादार तोंडावर टोपी धरून हसत होता. साहेबांनी मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं. मग त्यांनी निकाल सांगितला. भगा आईबापांकडंच राहील, देखरेख सहा महिने वाढवली. आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “बाई, शिकवणीत देवाचाही धडा घाला.”

घातला की! तेव्हापासून नवीन कुटुंब आलं की माझा पहिला प्रश्न हाच असायचा, घरात कुणी कुठल्या देवाला काय बोललंय? पुण्याच्या साहेबांनी तो प्रश्न माझ्या छापील तक्त्यातून तांबड्या शाईनं खोडला, ‘विषयाशी संबंध नाही’ असा शेरा मारून. मी तोंडी विचारत राहिले. आणि सांगते, दर चार घरांत एखादी तरी बाटली देवाला कबूल केलेली निघायचीच.

त्या दिवशी निकालानंतर आम्ही कोर्टाच्या पायऱ्या उतरत होतो. नामदेवराव भेटेल त्याला नमस्कार करत सुटले होते. सारजाबाईंनी भगाचं मनगट घट्ट धरलेलं, तो लाजून सोडवायला बघतोय, आणि ह्या सोडत नाहीत. मला राहवेना. मी विचारलं, “सारजाबाई, खरं सांगा. आज इथं यायच्या आधी काही नवस बोललात का?”

त्या पायरीवर थांबल्या. हसल्या नाहीत.

“तोंडाशी आलता बाई, दोनदा आलता,” त्या म्हणाल्या. “पर गिळला.”